वालबोर्गची आग आणि मिडसोमारचा खांब

एप्रिल संपत आला की स्वीडनमधल्या मराठी मंडळींच्या गप्पांत आणि समाजमाध्यमांवर एक जुना घोळ नव्याने सुरू होतो. कोणी मोठ्या शेकोटीपुढे उभे राहून काढलेले छायाचित्र ‘मिडसोमारच्या शुभेच्छा’ म्हणून टाकतो, कोणी ३० एप्रिलला फुलापानांनी मढवलेल्या खांबाचे चित्र फिरवतो, आणि दोन्हींखाली ‘ही इथली होळी’ असा निर्वाळा देणारे कोणीतरी असतेच. उप्सालात राहणाऱ्या आम्हा नवरा-बायकोला तर भारतातून दर वसंतात विचारणा होते की जूनमध्ये यायचे ठरवले आहे, तेव्हा तुमच्याकडची होळी पाहायला मिळेल ना? मिळणार नाही. स्वीडनमध्ये आग असते ती ३० एप्रिलच्या वालबोर्गला, आणि खांब जूनमधल्या मिडसोमारला, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या सणाला. जूनमध्ये आग पाहायची असेल तर डेन्मार्कचे किंवा नॉर्वेचे तिकीट काढावे लागेल.

मिडसोमार बहुतेकांना ठाऊक असतो, त्यामुळे त्यावर फार शाई खर्च करत नाही. १९५३ पासून तो २४ जूनच्या आसपासच्या शुक्रवारी, म्हणजे १९ ते २५ जून यांच्या दरम्यान येतो. हिरव्या पानांनी आणि फुलांनी गुंडाळलेला उंच खांब उभा करतात, त्याभोवती फेर धरतात, बेडकाच्या उड्या मारत नाचतात, मुरवलेला हेरिंग मासा, शेपूची पाने घातलेले नवे बटाटे आणि स्ट्रॉबेरी खातात. लग्नाळू मुलींनी सात प्रकारची फुले उशाखाली ठेवून झोपायचे असते. पर्यटनाच्या प्रत्येक माहितीपत्रकावर हेच चित्र असते.

वालबोर्ग हा सण मात्र ३० एप्रिलच्या संध्याकाळचा. आठव्या शतकात इंग्लंडमधून जर्मनीत जाऊन हायडेनहाइमच्या मठाची प्रमुख झालेल्या वालपुर्गा या संत स्त्रीच्या नावाने तो ओळखला जातो, पण प्रत्यक्ष सणात तिची आठवण कोणी काढत नाही. बागेतल्या छाटलेल्या फांद्या, हिवाळ्यात मोडलेल्या डहाळ्या, जुनी लाकडे यांचा ढीग गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत रचायचा, तिन्हीसांजेला पेटवायचा, गायकवृंदाने वसंताची गाणी म्हणायची, एखाद्याने हिवाळा सरल्याचे छोटेसे भाषण करायचे आणि थंडीने काकडत घरी परतायचे, एवढाच त्याचा विधी आहे. ‘वसंताचा सण’ या शब्दांनी फसून जाऊ नये. त्या संध्याकाळी उप्सालात तापमान पुष्कळदा दहा अंशांच्या खाली असते आणि बर्चच्या झाडांना जेमतेम पालवी फुटू लागलेली असते.

खरी अडचण पुढे आहे, आणि ती मराठी माणसाला इतरांपेक्षा जास्त भोवते असे माझे मत आहे. कोकणात शिमग्याला गावकरी माड, पोफळ, आंबा किंवा सावर असे ठरलेले झाड वाजतगाजत आणतात, होळीच्या मांडावर उभे करतात आणि त्याच जागी गवत-लाकडे रचून होळी पेटवतात. उभा केलेला खांब आणि पेटवलेली आग या एकाच सणाच्या दोन बाजू आहेत, हे आपल्या मनात लहानपणापासून इतके पक्के बसलेले असते की इथे खांब दिसला की आपण आग शोधतो आणि आग दिसली की खांब. स्वीडनमध्ये मात्र या दोन गोष्टींमध्ये जवळजवळ दोन महिन्यांचे अंतर आहे. आग एप्रिलच्या शेवटच्या रात्री, खांब जूनच्या त्या शुक्रवारी. वालबोर्गला खांब नसतो आणि मिडसोमारला शेकोटी हा प्रमुख विधी नसतो. कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. खांब मढवायला भरपूर हिरवी पाने आणि फुले लागतात, ती एवढ्या उत्तरेला मेच्या आरंभी मिळतच नाहीत. आगीला काळोख आणि वाळलेले सरपण लागते. एप्रिलच्या अखेरीस स्टॉकहोमला सूर्य रात्री पावणेनऊच्या सुमारास मावळतो आणि नंतर रीतसर अंधार पडतो, तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दहा वाजून गेल्यावर मावळूनही आकाश पुरते काळे होत नाही.

एवढ्यावर थांबता आले असते तर घोळ केव्हाच मिटला असता. पण ओरेसुंदचा पूल ओलांडून डेन्मार्कात गेलात की आग जूनमध्ये सरकते. तिथे २३ जूनच्या संध्याकाळी, योहान बाप्तिस्त या ख्रिस्ती संताच्या जन्मदिवसाच्या आदल्या रात्री, सांक्त हान्सचा सण असतो, आणि समुद्रकिनाऱ्यांवर, तळ्यांकाठी मोठमोठ्या शेकोट्या पेटतात. नॉर्वेतही त्याच रात्री आग असते. ओलेसुन् या शहरात रचला जाणारा लाकडांचा मनोरा तर जगभर गाजलेला आहे, २०१६ मध्ये तो ४७ मीटरहून उंच होता. डेन आणि नॉर्वेजियन ही रात्र ठरलेल्या तारखेलाच पाळतात, स्वीडिश लोकांसारखी शुक्रवारवर ढकलत नाहीत. त्यामुळे ‘स्कँडिनेव्हियात मिडसमरला होळी पेटवतात’ हे वाक्य कोपनहेगनच्या माणसाने लिहिले तर त्याच्यापुरते खरे असते आणि स्टॉकहोमच्या वाचकाची पुरती दिशाभूल करते. स्कँडिनेव्हिया हा एकच देश आहे असे समजून लिहिलेले प्रवासलेख मी त्यासाठीच बाजूला ठेवतो. भरीस भर म्हणजे स्वीडनच्या आतही एकवाक्यता नाही. गोथेनबर्गच्या बाजूला, पश्चिमेकडे, आग पेटवण्याचा दिवस पुष्कळ ठिकाणी ईस्टरचा असतो, आणि वालबोर्गच्या दिवशी त्या शहरात खरे आकर्षण असते ते चाल्मर्स विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या विनोदी चित्ररथांच्या मिरवणुकीचे.

चेटकिणींचाही असाच गोंधळ आहे. वालबोर्गची रात्र ही चेटकिणींच्या मेळाव्याची रात्र, ही कल्पना मुख्यतः जर्मनीची. स्वीडनमध्ये चेटकीण भेटते ती ईस्टरला. त्या दिवसांत डोक्याला रुमाल बांधून, गालांवर लाल ठिपके काढून लहान मुले दारोदार खाऊ मागत हिंडतात, कारण जुन्या समजुतीनुसार चेटकिणी तेव्हा ब्लोकुल्ला नावाच्या ठिकाणी उडत जातात. डेन्मार्कमध्ये तीच चेटकीण सांक्त हान्सच्या ढिगावर कापडी बाहुली होऊन बसते आणि जळते. ही बाहुली जाळण्याची पद्धत आगीइतकी जुनी नाही, आणि डेन्मार्कमध्येही ती अनेकांना खटकते. मला स्वतःला ती मुळीच रुचत नाही. स्वीडिश ढिगावर असे काही नसते, त्यामुळे ‘होलिकादहन’ म्हणून ज्यांना समांतर दाखवायचे आहे त्यांचा आधार इथे सुटतो.

होळीशी तुलना मला का मान्य नाही, हेही सांगून टाकतो. होळीची पूजा होते, तिला नैवेद्य दाखवतात, नारळ अर्पण करतात, प्रदक्षिणा घालतात, बोंबा मारतात. वालबोर्गच्या आगीला कोणी हात जोडत नाही की तिच्याभोवती फिरत नाही. लोक सुरक्षित अंतरावर खिशात हात घालून उभे राहतात आणि गाणे ऐकतात. या आगीमागचे कारण म्हणून जुन्या शेतकरी जीवनातली एक गोष्ट सांगितली जाते. १ मेच्या सुमारास गुरे रानात चरायला सोडत, आणि त्याआधी लांडग्यासारख्या श्वापदांना पळवून लावण्यासाठी आगी पेटवत, आरडाओरडा करत. दोन्हीकडे थंडी संपते आणि आग पेटते, एवढे साम्य कोणी नाकारत नाही, पण त्यावरून ‘इथली होळी’ म्हणणे घाईचे आहे.

किरकोळ फरक पुष्कळ आहेत. वालबोर्गचा दिवस सुट्टीचा नाही, दुसऱ्या दिवशीची १ मेची सुट्टी मात्र १९३९ पासून आहे आणि ती कामगारांच्या मोर्चांची आहे. मिडसोमारचा शुक्रवार कायद्याच्या कागदावर सार्वजनिक सुट्टी नसला तरी प्रत्यक्षात सारा देश बंद असतो. ३० एप्रिल हा राजे कार्ल सोळावे गुस्ताफ यांचा वाढदिवस असल्याने त्या दिवशी सगळीकडे झेंडे फडकतात, आणि नवख्या माणसाला ते वालबोर्गचे वाटतात.

परक्या जोडप्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा फरक वेगळाच आहे. मिडसोमार घरचा आहे. शहरे ओस पडतात, लोक आपापल्या उन्हाळी घरांकडे जातात, आणि कोणी बोलावले नाही तर तुम्ही रिकाम्या रस्त्यावर दोघेच उरता. अशा वेळी स्टॉकहोमचे स्कान्सेन हे खुले संग्रहालय, दालार्ना प्रांतातले लेक्सांद, किंवा कोणत्याही गावच्या स्थानिक वारसा मंडळाचे आवार गाठावे, तिथे फेरात कोणीही हात धरून सामील होऊ शकतो. वालबोर्गला आमंत्रण लागत नाही. उप्सालात तर तो अख्ख्या शहराचा दिवस असतो. सकाळी विद्यार्थी स्वतः बनवलेले तराफे फ्यूरिस नदीच्या बांधांवरून सोडतात आणि त्यातले बरेच उलटतात, दुपारी तीन वाजता कारोलिना रेडिविवा ग्रंथालयापुढे जमलेली गर्दी पांढऱ्या विद्यार्थी-टोप्या हवेत हलवते, उद्यानांत चटया पसरलेल्या असतात, आणि संध्याकाळी गामला उप्सालात, जुन्या राजांच्या दफन-टेकड्यांजवळ, आग पेटते. दोहोंपैकी एकच पाहायचे असेल तर मी बेलाशक वालबोर्ग सांगेन. दक्षिणेतल्या लुंड या विद्यापीठाच्या शहरातही तो असाच दणक्यात होतो. २०२० मध्ये साथीच्या काळात गर्दी होऊ नये म्हणून तिथल्या नगरपालिकेने शहराच्या उद्यानात कोंबडीखत पसरले होते, यावरून लोकांना घरात ठेवणे किती अवघड होते ते कळावे.

आगीला जाताना दोन पथ्ये पाळावीत. स्वतःचा ढीग रचून पेटवण्याचा मोह आवरावा. निसर्गात मुक्त हिंडण्याचा इथला जो प्रसिद्ध हक्क आहे त्यात एवढी मोठी आग बसत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये मागच्या वर्षीचे गवत वाळून कोळ झालेले असल्याने प्रशासन अनेकदा आग पेटवण्यावरच बंदी घालते. दुसरे असे की आधीपासून रचलेल्या ढिगात हेजहॉगसारखे प्राणी आसऱ्याला शिरतात, म्हणून ढीग पेटवण्याआधी हलवून नव्याने रचावा लागतो. गावच्या आगीसाठी मदतीला बोलावले तर तक्रार न करता जावे.

ज्यांची सुट्टी नेमकी या दोन सणांच्या मध्ये, मेमध्ये पडते, त्यांनी हळहळू नये. गुरे रानात सोडण्याची ती जुनी रीत आता वेगळ्या रूपात पाहता येते. स्वीडनमध्ये दुभत्या गाईंना उन्हाळ्यात बाहेर चरू देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि हिवाळाभर गोठ्यात राहिलेल्या गाई प्रथम कुरणात सोडण्याचा दिवस अनेक शेतकरी लोकांसाठी खुला ठेवतात. डेन्मार्कमध्ये सेंद्रिय दुधाचे शेतकरी हेच एप्रिलमधल्या एका रविवारी करतात. दार उघडताच वजनदार गाई वासरांसारख्या उड्या मारत धावतात. लवकर जाऊन कुंपणालगतची जागा धरावी आणि पायात गमबूट घालावेत.