ब्लॅकबर्नचे जवस : पार्श्वभूमी

2021 च्या वसंतात इंग्लंडमधल्या लँकशायरच्या ब्लॅकबर्न शहरात रहिवाशांनी पडीक जागा साफ करून जवस पेरले. तेलासाठी नव्हे, कापडासाठी. सोबत निळ्या रंगासाठी वोड ही वनस्पतीही लावली. पेरणीपासून शिवणीपर्यंत सगळे तिथल्या तिथे करून जीन्स बनवायची, असा बेत होता. ज्या गावाची ओळखच कापसाच्या गिरण्या, त्याने जवस का पेरावे, याचे उत्तर अठराव्या शतकातल्या एका कायद्यात आहे. पण त्याआधी शब्दांचा घोळ सोडवावा लागेल.

जवसाच्या धाग्याच्या कापडाला, म्हणजे लिननला, मराठीत घरचा शब्द नाही. मराठी बायबलातली ‘तलम तागाची वस्त्रे’ म्हणजे लिनन. आपला ताग मात्र गोणपाटाचा, नाहीतर फुलोऱ्यावर आला की शेतात गाडायचा, म्हणजे हिरवळीच्या खताचा. दोन्हींचा जवसाशी काडीचा संबंध नाही. संस्कृतातले ‘क्षौम’ हे क्षुमेचे, म्हणजे जवसाचेच; पण आपल्यापर्यंत येईतो त्याचा अर्थ रेशमी वस्त्र असा झाला. रेल्वेच्या एसी डब्यात ‘लिनन’ म्हणून हाती येते ती सुती चादर. आणि विदर्भात ज्याची चटणी रोज ताटात असते, त्या जवसापासूनच खरे लिनन निघते, हे ऐकल्यावर तिथल्या माणसालाही नवल वाटते. वनस्पती एकच, वाण वेगळे. तेलाचे जवस बुटके, फांद्या फुटलेले, बोंडे वाळेपर्यंत उभे ठेवायचे. धाग्याचे उंच, सरळसोट. फांद्या फुटू नयेत म्हणून दाट पेरायचे आणि बी पुरते पिकण्याआधीच उपटायचे. आपल्याकडे मळणीनंतर उरलेले काड बहुधा जाळले जाते.

इंग्लंडमध्ये जवस जुनेच. 60 एकर नांगरटीची जमीन असणाऱ्याने पाव एकर जवस किंवा भांग पेरलीच पाहिजे, असा कायदा तिथे 1533 साली झाला होता. लँकशायरमध्ये लोकर आणि लिनन दोन्ही विणले जाई. ‘मँचेस्टर कॉटन’ या नावाने तेव्हा विकले जाणारे कापड चक्क लोकरीचे असे, म्हणजे नावांचा घोळ त्यांच्याकडेही कमी नव्हता.

खरी गुंतागुंत हिंदुस्थानी छिटांनी केली. कोरोमंडल आणि गुजरातच्या छापील सुती कापडावर इंग्लंड इतके भाळले की तिथले लोकर आणि रेशीम विणणारे हवालदिल झाले. 1700 च्या कायद्याने हिंदुस्थान, इराण आणि चीनमधले छापील सुती कापड देशात वापरायला आणणे बंद केले. मग व्यापाऱ्यांनी कोरे पांढरे कापड आणून लंडनमध्ये छापायला सुरुवात केली. 1719 मध्ये विणकर रस्त्यावर उतरले. छिटाचे कपडे घातलेल्या बायकांवर शाई फेकली, कपडे फाडले. 1721 मध्ये छापील सुती कापड अंगावर घालणे हाच गुन्हा ठरला, दंड 5 पौंड.

ब्लॅकबर्न आणि आसपासच्या गावांत तेव्हा फस्टियनसारखे मिश्र कापड विणले जाई : ताणा (उभे धागे) लिननचा, बाणा (आडवे धागे) कापसाचा. हौसेखातर नव्हे. तिथे चरख्यावर निघणारे कापसाचे सूत ताण्याचा ओढा सोसत नसे, तुटे, लिननचे टिके. आता हे कापड सुती मानायचे की नाही? सुती मानले तर छापून वापरायला बंदी, नाही मानले तर मोकळीक. पंधरा वर्षे हा वाद लोंबकळला. 1736 मध्ये संसदेने निकाल दिला : ताणा लिननचा असेल, तर छापायला हरकत नाही.

या निर्णयाला काय म्हणायचे यावर अभ्यासकांत अजून दुमत आहे. एका बाजूचे म्हणणे, इंग्लंडचा कापूसधंदा या संरक्षणाच्या आडोशाने वाढला. दुसरी बाजू महाग मजुरी आणि स्वस्त कोळशाकडे बोट दाखवते. यंत्रे त्यातून आली, कायद्यातून नव्हे. मला पहिले म्हणणे जवळचे वाटते. मच्छलीपट्टणच्या कारागिराला दार बंद, आणि त्याच्या मालाच्या नकलेला मात्र जवसाच्या धाग्याचा परवाना, असा तो हिशेब होता. पुढे 1769 च्या पाणचक्कीवरच्या सूतयंत्राने कापसाचा ताणा मजबूत केला. 1774 मध्ये निव्वळ सुती छापील कापडाला परवानगी मिळाली. अट एवढीच की ते ब्रिटनमध्ये विणलेले असावे आणि तशी खूण म्हणून काठात तीन निळे धागे असावेत. लिननची गरज तिथे संपली.

ब्लॅकबर्नच्या ताण्याचे सूत तेव्हाही बरेचसे आयर्लंडहून येत असे. त्यामुळे ‘गावचे लिनन गावात परतले’ असे म्हणताना थोडे जपूनच म्हणावे.

नंतरचे आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या यादवीने 1861 ते 1865 कापूस अडला, ब्लॅकबर्नच्या गिरण्या बंद पडल्या. मुंबईहून जाणाऱ्या आखूड धाग्याच्या ‘सुरती’ कापसाला तिथले कामगार शिव्या घालत, तरी वऱ्हाडाकडे लँकशायरचे डोळे लागले. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. त्याच टंचाईत उत्तर आयर्लंडच्या लिननची चांदी झाली. 1931 मध्ये गोलमेज परिषदेला गेलेला पंचावाला पाहुणा ब्लॅकबर्नशेजारच्या डार्वेनला गेला. परदेशी कापडावरच्या बहिष्काराची झळ बसलेल्या गिरणी कामगारांनी त्याचे हसून स्वागत केले. दुसऱ्या महायुद्धात युरोपातला पुरवठा तुटला तेव्हा ब्रिटनने पुन्हा जवस पेरले, युद्धानंतर ते ओसरले.

आजच्या प्रयोगात पेरणी हा सोपा भाग. सुमारे शंभर दिवसांत पीक काढणीला येते. कापायचे नाही, मुळासकट उपटायचे, म्हणजे धागा पूर्ण लांबीचा मिळतो. पेंढ्या पसरून आठवडेच्या आठवडे दवात भिजू द्यायच्या, मधून उलटायच्या. कमी सडले तर वाख, म्हणजे सालीतला धागा, काडीला चिकटून बसतो, जास्त सडले तर धागाच कुजतो. काडी वाकवून पाहणे हीच परीक्षा. मग कुटणे, झोडपणे आणि खिळ्यांच्या फणीतून विंचरणे. शेवटी हातात उरते ती पिंगट केसांसारखी चमकदार बट.

अडते ते कातण्यापाशी. तलम लिनन गिरणीत गरम पाण्यातून ओढून ओले कातले जाते, आणि तशा गिरण्या ब्रिटनमधून गेल्या. धाग्याच्या जवसात जगात आघाडीवर असलेल्या फ्रान्सचीही तीच गत झाली होती : नॉर्मंडीत पिकलेला वाख कातायला मोठ्या प्रमाणावर चीनला जाई, आणि फ्रान्समधल्या कताई गिरण्या अलीकडच्या काही वर्षांत कुठे पुन्हा उघडू लागल्या. ब्लॅकबर्नमध्ये पहिल्या वर्षीचे सूत स्वयंसेवकांनी हातानेच कातले.