थर्मल की शाईचा? प्रिंटिंग कॅल्क्युलेटरमधला खरा फरक

शाईचं मशीन बहुतेकांच्या ओळखीचं आहे. आकड्यांची चाकं फिरतात, इंक रोलर त्यांना शाई लावतो, कागदावर ठसा उमटतो. लहान मशीन सेकंदाला जेमतेम दोन ओळी छापतं, आवाज करतं, आणि रोलर बदलताना बोटं माखतात. दोन रंगी रोलर असेल तर वजा रकमा लाल येतात, ही मोठी सोय.

थर्मलमध्ये शाई नसतेच. तरीही ‘थर्मलचा इंक रोलर द्या’ अशी मागणी दुकानात होत राहते. त्याच्या प्रिंट हेडवर तापणाऱ्या बारीक ठिपक्यांची ओळ असते. कागदावरच्या लेपात रंगहीन रंजक आणि त्याला रंग आणणारं रसायन असतं. उष्णतेने ती वितळून एकत्र येतात आणि तेवढीच जागा काळी पडते.

घोटाळा होतो तो कागदात. दोन्ही रोल बहुधा 57-58 मिमी रुंद, त्यामुळे एकाचा दुसऱ्यात सहज बसतो. थर्मल मशीनमध्ये साधा कागद घातला की पट्टी कोरी येते आणि लोक मशीन दुरुस्तीला नेतात. आधी रोलच्या बाहेरच्या बाजूवर नख जोरात ओढा. काळी रेघ उठली तर तो थर्मल. आतल्या बाजूवर उठली तर लेप आत आहे, आणि रोल नेहमीसारखा बसवला तर काहीच छापलं जाणार नाही. थर्मल रोल शाईच्या मशीनमध्ये चालून जातो, पण गुळगुळीत लेपावर शाई फिसकटते आणि पैसेही वाया जातात.

थर्मलचा खरा तोटा म्हणजे छपाई उडते. ऊन, तेलकट हात, सॅनिटायझर, सेलोटेप आणि विशेषतः पीव्हीसीचे पारदर्शक फोल्डर आकडे फिके करतात. गरम लॅमिनेशन तर कधीच करू नका, अख्खी पट्टी काळी होते. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपायचे असतात. व्हाउचरला जोडायची पट्टी शाईच्याच मशीनवर काढावी. थर्मलवर काढलीच, तर त्याच दिवशी झेरॉक्स करा.

काउंटरवर बेरीज करून फेकून द्यायची असेल तर थर्मल उत्तम: शांत, वेगवान, रोलरचा खर्च नाही. छपाई फिकी आली तर मशीन बंद करून हेड गार होऊ द्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. सेलवर चालणारं असेल तर आधी सेल बदला. हेड तापवायला बराच करंट लागतो.