काळा पडदा म्हणजे इन्स्टॉल बिघडलं असं नाही

सोलापुरात चादरीच्या कारखान्यांतले जुने बिलिंगचे पीसी लिनक्सवर न्यायचे म्हटलं, की एक वाक्य हमखास कानावर येतं: "मिनिमल टाकू नका, नुसता काळा पडदा येतो, डेस्कटॉप हवा तर परत पहिल्यापासून." मिनिमल म्हणजे डेस्कटॉपशिवायचं इन्स्टॉल. पण हे वाक्य खरं नाही.

लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये डेस्कटॉपची खूण काढली, तर शेवटी फक्त लॉगिनची ओळ दिसते. पण लिनक्समध्ये डेस्कटॉप हा इतर पॅकेजेससारखाच (म्हणजे सॉफ्टवेअरच्या तयार गठ्ठ्यांसारखाच) वरून चढवायचा थर आहे. पडद्यावर चित्र उमटवायला झॉर्ग, वर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, लॉगिनच्या खिडकीला लाइटडीएम. तिन्ही एपीटीने (डेबियनच्या पॅकेज मागवायच्या कमांडने) मागवा, रीस्टार्ट करा, झालं. परत इन्स्टॉल कशाला?

खरी गोची पुढे असते. जागा वाचवायला काहीजण शिफारस केलेली पॅकेजेस वगळतात आणि मग आवाज येत नाही म्हणून कपाळाला हात लावतात. मराठी फॉन्ट नसेल तर गिऱ्हाइकाच्या नावाजागी चौकोन दिसतात. नोटो किंवा लोहित टाकला की अक्षरं येतात. वायफायचं तर विचारूच नका: इन्स्टॉलरने ते इंटरफेसेस नावाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवलं असेल, तर नेटवर्क मॅनेजर (डेस्कटॉपवरून नेट जोडणारा प्रोग्रॅम) त्याला हातच लावत नाही. त्या ओळी काढा, मग आयकॉनमधून जोडता येतं.

आणि डेस्कटॉप कितीही हलका असला तरी ब्राउझर हलका होत नाही. दोन जीबी रॅमवर दहा टॅब उघडाल, तर मशीन हँग होणारच.