लेझर डायोडचे अतिलघु पल्स ड्रायव्हर : जोडणीपूर्वी वाचावे

पल्स ड्रायव्हर, म्हणजे लेझर डायोडला क्षणभरच प्रवाह देणारे सर्किट, निवडताना ट्रान्झिस्टरच्या वेगाची चौकशी सर्वप्रथम होते. गॅलियम नायट्राइडचे आजचे ट्रान्झिस्टर एका नॅनोसेकंदाच्या आसपास स्विच होत असल्याने पल्सची रुंदी सहसा त्यांच्यापाशी अडत नाही. ती अडते कपॅसिटर, ट्रान्झिस्टर आणि डायोड यांच्यामधून जाणाऱ्या वाटेच्या इंडक्टन्सपाशी, म्हणजे प्रवाहातील बदलाला ती वाट करत असलेल्या विरोधापाशी. 10 अँपिअरचा प्रवाह एका नॅनोसेकंदात उभा करायचा असेल, तर वाटेतील प्रत्येक नॅनोहेन्रीमागे 10 व्होल्ट लागतात. डायोडचे दोन्ही पाय 5 मिलिमीटर लांब ठेवले, तर त्यांचाच इंडक्टन्स सुमारे 5 नॅनोहेन्री होतो आणि 50 व्होल्ट नुसत्या पायांवर खर्ची पडतात. म्हणून पाय शक्य तितके आखूड कापून डायोड थेट बोर्डावर सोल्डर करावा; मध्ये सॉकेट किंवा वायर घालू नये.

आमच्या ड्रायव्हरमध्ये भारित कपॅसिटर डायोडमधून एकदम रिकामा होतो. कपॅसिटर 1 नॅनोफॅरडचा आणि वाटेचा इंडक्टन्स 2 नॅनोहेन्री असल्यास, रोध नगण्य धरून, पल्स साधारण 4.4 नॅनोसेकंद रुंद येतो. कपॅसिटर लहान केल्यास पल्स अरुंद होतो खरा, पण शिखरप्रवाहही घटतो. इंडक्टन्स कमी केल्यास मात्र रुंदी घटते आणि प्रवाह वाढतो. यासाठीच आम्ही अनेक लहान सिरॅमिक कपॅसिटर समांतर बसवतो आणि प्रवाहाची परतीची वाट बोर्डाच्या लगतच्या थरातून, जाणाऱ्या वाटेच्या बरोबर खालून नेतो. पल्सनंतर प्रवाह उलट फिरू पाहतो आणि लेझर डायोड उलट दिशेने जेमतेम काही व्होल्ट सोसतो. त्याच्या शेजारी उलट जोडलेला शॉट्की डायोड त्यामुळे काढू नये.

मोजमापात फसगत सहज होते. प्रवाह मोजण्यासाठी वाटेत घातलेल्या 0.1 ओहमच्या शंट रोधकाला अर्धा नॅनोहेन्री इंडक्टन्स असला, तर वरील वेगाने चढणाऱ्या प्रवाहाला 1 व्होल्टच्या खऱ्या संकेतावर 5 व्होल्टचा खोटा संकेत चढतो. वेगवान फोटोडायोडने प्रकाशच मोजणे आम्हाला अधिक भरवशाचे वाटते; एका नॅनोसेकंदाची चढण नीट दिसायला ऑसिलोस्कोपची बँडविड्थ 350 मेगाहर्ट्झपेक्षा बरीच जास्त हवी. प्रकाशाची पहिली उसळी प्रवाहाच्या पल्सपेक्षा पुष्कळच अरुंद असू शकते. तो दोष समजू नये.

905 नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, तरी तो नेत्रपटलाला इजा करू शकतो. त्या तरंगलांबीसाठी योग्य असा चष्मा वापरावा आणि वीज बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा झाल्याची खात्री करूनच बोर्डाला हात लावावा. मागणी नोंदवताना डायोडचे पॅकेज, शिखरप्रवाह, पल्सची रुंदी आणि पुनरावृत्तीचा दर कळवावा.