हळद आणि त्वचेचा कर्करोग: आमच्या ग्राहकांसाठी

हळदीनं त्वचेचा कर्करोग बरा होतो, असा मेसेज फिरायला लागल्यापासून दुकानात रोज कुणी ना कुणी विचारतं. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवलंय.

मेसेजमागे थोडं खरं संशोधन आहे. हळदीला पिवळेपणा देणारं कुर्क्युमिन हे एक पॉलिफिनॉल, म्हणजे वनस्पतींत सापडणाऱ्या एका प्रकारच्या रसायनांपैकी एक. द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल हे दुसरं. मेलॅनोमा या घातक त्वचा-कर्करोगाच्या पेशींवर प्रयोगशाळेत कुर्क्युमिन सोडलं की त्यांची वाढ मंदावते, बऱ्याच पेशी मरतात. रेस्व्हेराट्रॉलनं उंदरांच्या त्वचेवरच्या गाठी कमी झाल्याचं 1997 मध्ये प्रसिद्ध झालं.

पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत कुर्क्युमिन पेशीवर थेट पडतं. खाल्लेलं कुर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरतं आणि उतरलेलं यकृत लगेच बदलून टाकतं. मुळात हळदीत ते साधारण 3 टक्के, म्हणजे 3 ग्रॅम हळदीत 90 मिलिग्रॅमच्या आसपास. बेंगळुरूच्या 1998 च्या अभ्यासात 2 ग्रॅम कुर्क्युमिनसोबत मिरीतलं 20 मिलिग्रॅम पिपरिन दिल्यावर ते सुमारे 20 पट जास्त शोषलं गेलं. म्हणून आम्ही हळद तेला-तुपात, मिरी घालून खा म्हणतो. त्यानं माणसाचा कर्करोग बरा झाल्याचं मात्र सिद्ध झालेलं नाही.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती लेपाची. न भरणारी जखम, वाढणारा तीळ, तळपायावरचा काळा डाग, परकराची नाडी काचून कंबरेवर पडलेला जुना चट्टा, यांवर हळद लावून लोक महिनोन्महिने थांबतात. यांतल्या कशातही कर्करोग असू शकतो. लवकर काढला तर बहुतेक वेळा बरा होतो. लेपाखाली तो वाढत राहतो आणि पिवळ्या रंगात डागाचा खरा रंगही दिसत नाही. जखम चार आठवड्यांत भरली नाही, तर लेप धुऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणं, सांगितली तर टाळू नका.

‘कर्करोगावर गुणकारी’ असं पुड्यावर का छापत नाही, असंही विचारतात. 1954 च्या कायद्यानं अशी जाहिरात गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी आम्ही छापलं नसतं. कुर्क्युमिनच्या कॅप्सूलही ठेवत नाही. रक्त पातळ करण्याची गोळी किंवा केमोथेरपी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या कॅप्सूल घेऊ नयेत.

आम्ही विकतो ती सांगलीची राजापुरी, वरून रंग न लावलेली. हळकुंडं निवडून घ्या, समोर दळून देतो. एका वेळी दोन महिने पुरेल एवढीच न्या आणि झाकणाच्या डब्यात, उजेडापासून लांब ठेवा. उजेडानं कुर्क्युमिन कमी होतं.