चिरा देऊन न सुटणारं गळू

काखेत गाठ येते. आठवडाभर ठणकते, पिकते, फुटते आणि बसते. घरचे म्हणतात, काखमांजरी आहे, होईल बरी. दोन-चार महिन्यांनी तिच्याच शेजारी दुसरी येते, मग जांघेत तिसरी. पोटीस बांधून होतं, कडुलिंबाच्या पाण्यानं शेकून होतं, कोणी तर बिब्बा लावून चांगली कातडीही भाजून घेतो. शेवटी तालुक्याच्या दवाखान्यात चिरा दिला जातो, पू निघतो, पाच दिवसांच्या गोळ्या मिळतात आणि त्या रात्री शांत झोप लागते. पुढच्या हंगामात तीच जागा पुन्हा सुजलेली असते.

वर्षानुवर्षं असंच चाललं असेल, तर हे साधं गळू नसण्याची शक्यता बरीच आहे. हायड्रॅडेनायटिस सपुराटिव्हा नावाचा त्वचेचा एक जुनाट दाहविकार आहे. काख, जांघ, स्तनांखालची घडी, नितंब अशा, कातडीला कातडी घासणाऱ्या जागी तो होतो आणि बहुधा वयात आल्यानंतर, विशीच्या आसपास सुरू होतो. युरोप-अमेरिकेतही निदानाला सात ते दहा वर्षं लागल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मेळघाटातली किंवा झरी-जामणीची एखादी मुलगी जांघेतलं दुखणं आईलाही दाखवायला लाजते, तिथे उशीर व्हायला आणखी कारण लागत नाही. वर दुर्गंधीमुळे लोक अस्वच्छतेचा ठपका ठेवतात. हा आजार अस्वच्छतेनं होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही.

1854 साली फ्रेंच शल्यविशारद व्हर्न्यूय यांनी याचा संबंध घामाच्या ग्रंथींशी जोडला आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं डॉक्टर तसंच मानत आले. आता माहीत आहे की सुरुवात केसाच्या मुळाशी होते. केस ज्या नळीतून बाहेर येतो तिचं तोंड मृत पेशींच्या बुचानं बंद होतं. आतली नळी फुगते आणि एक दिवस कातडीच्या आतच फुटते. आतला ऐवज बाहेर सांडला की रोगप्रतिकारक यंत्रणा त्यावर तुटून पडते, आणि ही लढाई गरजेपेक्षा कितीतरी मोठी होते. फुटलेल्या नळीच्या पेशी मात्र मरत नाहीत. त्या वाढत जातात आणि कातडीखाली स्वतःचं अस्तर असलेले बोगदे तयार करतात. धुऱ्यावरच्या उंदरांच्या बिळांसारखं हे जाळं असतं. एक तोंड बुजलं तरी आतून वाट चालूच राहते.

चिरा का फसतो, ते इथे कळतं. चिऱ्यानं पू जातो, अस्तर तसंच राहतं. अस्तर जिवंत असेपर्यंत बोगदा मिटत नाही. म्हणून नुसता चिरा दिलेली जागा जवळजवळ हमखास परत येते. ठणका असह्य झाला तर चिरा द्यावाच, त्यात काही वावगं नाही. पण त्याच जागी तिसऱ्यांदा चिरा देताना मोठ्या रुग्णालयात पाठवणारा कागदही लिहून द्यायला हवा, असं मला वाटतं.

आपल्याकडे वेगळीच गल्लतही होते. काखेतली वाहणारी जखम पाहून क्षयाची शंका येते. ती तपासायलाच हवी, पण पुरावा नसताना महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या घेऊन बसलेले रुग्णही असतात. पूर्व विदर्भात हत्तीरोगाचा पट्टा आहे. तिथे याच जुनाट आजारानं जननेंद्रियांवर आलेली सूज सरळ हत्तीरोगाच्या खात्यात जमा होते.

आजार कितपत पसरला हे मोजायला हर्ले यांची 1989 ची पद्धत आजही वापरतात. सुट्या गाठी, बोगदा किंवा व्रण नाही, ही पहिली पायरी. पुन्हा पुन्हा येणाऱ्या गाठी आणि मधूनमधून बोगदे, ही दुसरी. सगळा भागच एकमेकांत गुंतलेला, ही तिसरी. पहिल्या पायरीवर मलम, डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं, वजन आणि बिडी-सिगारेट यांवर लक्ष देऊन पुष्कळ साधतं. दाह घडवणाऱ्या रेणूला अडवणारं अडॅलिमुमॅब हे इंजेक्शन 2015 मध्ये अमेरिका आणि युरोपात या आजारासाठी मंजूर झालं. त्याची भारतीय आवृत्ती 2014 च्या डिसेंबरपासूनच बाजारात होती, पण महिन्याचा खर्च अजूनही शेतमजुराच्या घरात बसणारा नाही. शिवाय ते सुरू करण्याआधी सुप्त क्षय नाही ना, हे पाहावं लागतं. या इंजेक्शननं दाह उतरतो. तयार झालेले बोगदे मात्र सहसा जात नाहीत. तिथे शस्त्रक्रियाच लागते.

शस्त्रक्रियेच्या मुख्य तऱ्हा दोन. एकाच जागी एखाददुसरा बोगदा असेल तर त्यात सळई घालून वरचं छप्पर कापून टाकतात, तळ खरवडतात आणि जखम उघडी ठेवतात. जागेवर भूल देऊन हे करता येतं. आजार पसरलेला असेल तर तो सगळा भाग, कातडी आणि खालच्या चरबीसह, निरोगी ऊती लागेपर्यंत काढावा लागतो. बोगदे कुठवर गेलेत हे कळावं म्हणून काही सर्जन आधी त्यांत निळं रंगद्रव्य सोडतात. 2015 च्या एका एकत्रित विश्लेषणात छप्पर काढल्यावर साधारण 27 टक्के, मर्यादित भाग कापल्यावर 22 टक्के आणि रुंद कापल्यावर 13 टक्के वेळा आजार परतल्याचं दिसलं. काढलेला भाग तपासणीला पाठवायलाच हवा. नितंबांवरच्या फार जुन्या आजारात क्वचित कर्करोग दडलेला सापडतो.

एवढं कापल्यावर काखेत तळहाताएवढा खड्डा उरतो. तो भरायचा कसा?

मांडीवरची पातळ कातडी सोलून लावणं हा जुना मार्ग. ही कातडी मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाच्या आसपास जाड असते. पहिले दोन दिवस ती जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर जगते, मग खालच्या केशवाहिन्या तिच्यात जोडल्या जातात. त्या काळात ती सरकली किंवा खाली रक्त साठलं तर मरते. म्हणून पट्टी घट्ट बांधून साधारण पाचव्या दिवशी उघडतात. मांडीची जागा मात्र दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरते. कशाच्या जोरावर? कातडीच्या खोल थरात उरलेल्या केसांच्या मुळांच्या! तिथल्या पेशी वर येऊन पसरतात आणि नवी कातडी घडवतात. ज्या मुळानं काखेत एवढा उच्छाद मांडला, तेच मांडीवर दुरुस्ती करतं. जीवशास्त्रात अशी गंमत वारंवार भेटते आणि मला ती दर वेळी नव्यानं आवडते.

दुसरा मार्ग शेजारची जाड कातडी तिच्या रक्तवाहिनीसह वळवून आणण्याचा, त्याला फ्लॅप म्हणतात. 1995 मध्ये अर्जेंटिनाच्या अँग्रिजियानी यांनी पाठीच्या स्नायूला धक्का न लावता, त्यातून वर येणाऱ्या बारीक वाहिनीवर कातडी उचलता येते हे दाखवलं. काखेसाठी ही पद्धत चांगली, कारण फ्लॅप आकसत नाही आणि हात लवकर मोकळा होतो. यात रक्तवाहिनीच सर्वस्व असते. निकोटिन ती आकुंचित करतं, म्हणून बिडीबरोबर खर्राही (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) किमान चार आठवडे आधी बंद करावा लागतो. आपल्या भागात ही अट शस्त्रक्रियेपेक्षा अवघड ठरते.

तिसरा मार्ग म्हणजे काहीच न लावणं. जखम उघडी ठेवायची, रोज धुवायची, पट्टी बदलायची. शरीर तिला कडेनं ओढत, तळातून भरत आणतं. काखेला दोन-तीन महिने लागू शकतात. ऐकायला मागासलेलं वाटतं, पण नीट कापलेली जागा अशीही समाधानकारक भरते आणि यात फसण्यासारखं फार काही नसतं. उपकेंद्रातली नर्सबाई पट्टी करायला तयार असेल, तर आठवड्याला नागपूरची बस धरण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो.

व्यवहार पाहायचा तर पिकाचं वेळापत्रक आधी पाहावं लागतं. फवारणीच्या पंपाचा पट्टा काखेजवळ घासतो, कापसाच्या वेचणीत दिवसभर हात हलता असतो. वेचणी उरकल्यावर, फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली तर जूनच्या पेरणीपर्यंत हात वर जायला वेळ मिळतो. मात्र एप्रिल-मेच्या घामात पट्टी दिवसातून दोनदाही बदलावी लागेल, याची तयारी हवी. सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभाग आहेत, आणि फ्लॅपसाठी नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, प्लास्टिक सर्जरी आहे. जनआरोग्य योजनेत यातलं काय बसतं, हे भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावं.

घरी आल्यावर दुखतं म्हणून हात अंगाशी धरून बसायची सवय लागते. कातडी लावलेली असो की जखम उघडी भरलेली असो, काख आकसते ती याच काळात. डॉक्टरांनी परवानगी दिली की भिंतीला बोटं टेकवून रोज थोडी थोडी वर चढवायची. बोटं पुढे सरकेनाशी झाली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फिजिओथेरपी विभागात जाऊन हात दाखवावा.