फ्लाइट सिम्युलेटर, घरगुती संगणकावरील

घरच्या संगणकावर विमानोड्डाणाचा अनुभव देणारी आज्ञावली आणि तिच्या जोडीची जॉयस्टिक, योक (विमानाचे सुकाणू-चाक), रडर पेडल (शेपटीवरील सुकाणू हलवणारे पायदाब) इत्यादी उपकरणे. असा सिम्युलेटर प्रत्यक्ष उड्डाणाच्या कितपत जवळ जातो, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे केला आहे. वैमानिक-प्रशिक्षणातील मोठ्या, हलत्या सिम्युलेटरांचा उल्लेख तुलनेपुरता येईल.

या प्रकाराचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. काही लेखक तो एडविन लिंक यांच्या १९२९ च्या सुमारास तयार झालेल्या लिंक ट्रेनरपर्यंत, म्हणजे जमिनीवरच उड्डाण शिकवणाऱ्या यंत्रापर्यंत, मागे नेतात. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे लिंक कुटुंबाचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमधल्या भात्यांच्याच तत्त्वावर त्यांनी हे यंत्र डोलते केले. १९३४ मध्ये टपाल वाहून नेणाऱ्या अमेरिकी लष्करी वैमानिकांचे खराब हवामानात लागोपाठ अपघात झाले, तेव्हा लष्कराने ते विकत घेतले. तथापि लिंक ट्रेनर शरीराला हलवी आणि उपकरणे वाचायला लावी, तर घरगुती सिम्युलेटर मुख्यतः खिडकीबाहेरचे दृश्य दाखवतो आणि शरीर जागचे हलवत नाही. त्यामुळे ब्रूस आर्टविक यांच्या संगणकावर उड्डाणाचे दृश्य दाखवण्याविषयीच्या, इलिनॉय विद्यापीठातील १९७५ च्या प्रबंधापासून आरंभ धरणारे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यांच्या सबलॉजिक संस्थेने ॲपल-२ संगणकासाठी काढलेली फ्लाइट सिम्युलेटरची आवृत्ती काही ठिकाणी १९७९ ची, तर काही ठिकाणी जानेवारी १९८० ची म्हणून नोंदलेली आढळते. १९७९-८० असे म्हणणे सुरक्षित. मायक्रोसॉफ्टने परवाना घेऊन १९८२ च्या अखेरीस आयबीएम पीसीसाठी काढलेल्या आवृत्तीत शिकागोच्या मेग्ज फील्डवरून उड्डाण सुरू होई. हा विमानतळ २००३ मध्ये एका रात्रीत उखडला गेला. सिम्युलेटरच्या जुन्या आवृत्त्यांत तो अद्याप आहे.

विमानाच्या वर्तनाचे गणित साधारणतः दोन रीतींनी मांडले जाते. पहिल्या रीतीत वेग, पंखांचा आघातकोन (पंख आणि समोरून येणारी हवा यांतील कोन) वगैरेंनुसार बले किती असावीत याची तयार कोष्टके वापरतात. दुसऱ्या रीतीत, उदाहरणार्थ १९९५ पासून उपलब्ध असलेल्या ऑस्टिन मेयर यांच्या एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये, पंख आणि प्रॉपेलर यांचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरील बल क्षणोक्षणी काढतात. दुसरी रीत मुळातच अधिक खरी, असा दावा वारंवार होतो, पण तो जपून स्वीकारावा. उड्डाण-चाचण्यांवर बेतलेले चांगले कोष्टक सामान्य उड्डाणात तुकड्यांच्या गणिताहून अचूक ठरू शकते. कोष्टकाची मर्यादा उघडी पडते ती चाचण्यांच्या कक्षेबाहेर, विशेषतः स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांवरील हवेचा प्रवाह सुटून उचल ढासळते तेव्हा. आणि तेथे दुसरी रीतही बरेचसे अंदाजावरच चालते. हा दोष केवळ घरगुती नव्हे. २००९ मध्ये बफेलोजवळ झालेल्या विमान अपघातानंतर अमेरिकेने २०१३ मध्ये पूर्ण स्टॉलचे प्रशिक्षण सक्तीचे केले, तेव्हा विमान कंपन्यांच्या महागड्या सिम्युलेटरांतही स्टॉलपलीकडच्या वर्तनाची भर घालावी लागली.

सर्वांत ठळक तफावत हाताला जाणवते. सेस्ना १७२ सारख्या लहान विमानात योकवरील जोर हवेच्या प्रवाहातून येतो. वेग वाढला की योक ताठ होते, स्टॉलजवळ ढिले पडते. घरच्या जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते आणि तिला वेग कळत नाही. याचा परिणाम ट्रिम करताना, म्हणजे योकवर सतत जोर न देता विमान त्याच स्थितीत राहील असे जुळवताना, नेमका दिसतो. विमानात वैमानिक योक हवे तेथे धरून ठेवतो आणि हातावरचा दाब नाहीसा होईपर्यंत ट्रिमचे चाक फिरवतो. हात जागचा हलत नाही. स्प्रिंगच्या जॉयस्टिकमध्ये मात्र ट्रिम होत जाईल तसतशी काठी मध्यावर परत आणावी लागते, नाहीतर विमानाचे नाक वर-खाली होत राहते. साहजिकच सरळ, समतल उड्डाण घरी खऱ्याहून अवघड वाटते. उतरताना जमिनीच्या अगदी जवळ नाक हळूच उचलायचे असते. ही उंची वैमानिक धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे पाहत डोळ्यांच्या कडांनी जोखतो, आणि एका पडद्यावर त्या कडाच नसतात. डोक्यावर चढवायच्या आभासी वास्तवाच्या संचामुळे ही उणीव बरीच कमी होते.

शरीराचे तर काहीच अनुकरण होत नाही. ६० अंश कलून समतल वळण घेताना ७० किलोग्रॅमच्या माणसाला आपले वजन १४० किलोग्रॅम झाल्यासारखे वाटते. खुर्चीत तसे काही घडत नाही. सहा पायांच्या हलत्या मंचावरील सिम्युलेटरही असा भार टिकवून दाखवू शकत नाही. तो मागे-पुढे कलून प्रवेगाचा आभास निर्माण करतो, आणि या हालचालीने प्रशिक्षणात खरोखर किती भर पडते याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. (हा मंच स्ट्युअर्ट यांच्या १९६५ च्या निबंधावरून ओळखला जातो; गॉफ यांची तशीच रचना त्याआधीची होय.)

ढगांत उपकरणांवर उड्डाण करण्याच्या बाबतीत घरगुती सिम्युलेटर सर्वांत उपयोगी मानला जातो. रेडिओ-मार्गदर्शन, कार्यपद्धतींचा क्रम आणि नजर एका उपकरणावरून दुसऱ्यावर फिरवण्याची सवय त्यावर चांगली होते. मात्र ढगांत कानातील समतोलेंद्रिय विमान कलले नसताना कलल्याचा भास निर्माण करते आणि शिकाऊ वैमानिकाची खरी झुंज त्या भासाशी असते; घरी तो भास होतच नाही, त्यामुळे मिळालेला आत्मविश्वास काहीसा फसवा असतो. उलट, सिम्युलेटरवर तयार झालेला नवशिका स्वच्छ हवामानातही बाहेर पाहण्याऐवजी उपकरणांकडेच पाहत बसतो, ही प्रशिक्षकांची नेहमीची तक्रार आहे.

घरी घालवलेले तास वैमानिकाच्या लॉगबुकात धरले जात नाहीत. अमेरिकेत एक्स-प्लेनसारखी आज्ञावली मान्यताप्राप्त उपकरणांसह वापरल्यास ती प्रशिक्षण-साधन ठरू शकते. उपकरण-उड्डाणाच्या पात्रतेसाठी अशा मूलभूत साधनावरील सामान्यतः १० आणि प्रगत साधनावरील २० तासांपर्यंत काळ मोजता येतो. भारतातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या सिम्युलेटरवरील सरावच ग्राह्य धरतात.